केळीच्या खोक्यातून आलेला झाडबेडूक : घर उभारणीच्या आणि पहिल्या आठ महिन्यांच्या नोंदी

३ मार्च २०२४

सिडनीच्या पश्चिमेला टूनगॅबी या उपनगरात आमचे घर आहे आणि या घरात एक हिरवा झाडबेडूक आणायचा, हे आज नक्की झाले. माझी अकरा वर्षांची मुलगी वर्षभर हा विषय धरून बसली होती. मी तिला एकच अट घातली: बेडूक येण्याआधी त्याचे घर पूर्ण तयार हवे, ते निदान महिनाभर रिकामे चालवून पाहिलेले हवे आणि त्या महिन्याच्या तापमानाच्या नोंदी आपल्या हातात हव्यात. ही वही त्यासाठी सुरू करीत आहे.

जात निवडण्यात फार वेळ गेला नाही. ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक, म्हणजे लिटोरिया सेरुलिया, हा शांत, काटक आणि नवख्या माणसाच्या लहानसहान चुका सोसणारा प्राणी मानला जातो. पूर्ण वाढलेला बेडूक सुमारे दहा सेंटिमीटरचा होतो. त्याच्या नावातील सेरुलिया या लॅटिन शब्दाचा अर्थ निळा असा आहे, आणि हिरव्या बेडकाला हे नाव कसे मिळाले याची हकीकत मुलीला फार आवडली. इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर आलेले शल्यवैद्य जॉन व्हाइट यांनी १७९० मध्ये या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्यांच्यापुढचा नमुना मद्यार्कात ठेवलेला होता. या बेडकाचा हिरवा रंग त्वचेतील निळ्या छटेवर पिवळ्या थराचे आवरण असल्यामुळे दिसतो. मद्यार्काने तो पिवळा थर नाहीसा केला आणि बेडूक निळा दिसू लागला.

एक गोष्ट मात्र मी स्वतःसाठी लिहून ठेवते. हा प्राणी माणसाच्या सांभाळात सोळा वर्षे सहज जगतो, काही वीस वर्षांच्याही पुढे जातात. मुलगी घर सोडून शिकायला जाईल तेव्हा बेडूक ऐन वयात असेल, म्हणून हा निर्णय तिच्याइतकाच माझाही आहे.

१० मार्च

आज परवान्यासाठी अर्ज केला. न्यू साउथ वेल्स राज्यात देशी उभयचर प्राणी घरी ठेवायचा तर परवाना लागतो आणि हा बेडूक त्यातील पहिल्या, म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात मोडतो. रानातून किंवा स्वतःच्या बागेतून बेडूक उचलून पाळता येत नाही. तो दुसऱ्या परवानाधारकाकडूनच यावा लागतो आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही आपापल्या नोंदवहीत तशी नोंद करावी लागते. मुलीला हे सगळे आधी जाचक वाटले. पण रानातले बेडूक असे उचलले जाऊ नयेत म्हणूनच हा नियम आहे, हे तिला समजावून सांगितल्यावर तिने नोंदवहीचे रकाने स्वतः आखायला घेतले: कोठून आला, कधी आला, वजन, लिंग, शेरा.

बेडूक कोठून आणायचा, याचेही उत्तर मिळाले आहे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक केळी उत्तर क्वीन्सलँडमधील टली आणि इनिसफेल या भागांतून येतात. तिथल्या बागांमधील झाडबेडूक घडांत लपून बसतात, खोक्यांत बंद होतात आणि रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून सिडनीच्या बाजारात किंवा एखाद्या दुकानाच्या फळविभागात बाहेर पडतात. फ्रॉग अँड टॅडपोल स्टडी ग्रुप ही संस्था असे चुकलेले बेडूक ताब्यात घेते, काही काळ वेगळे ठेवते आणि परवाना असलेल्या सभासदांकडे सोपवते. पैदास केलेले पिल्लू विकत घेण्यापेक्षा आम्हाला हा मार्ग अधिक पटला. संस्थेचे सभासदत्व घेतले.

१७ मार्च

पेटी आणि तिची जागा. दुकानात आम्हाला तीस सेंटिमीटर उंचीचा तयार संच दाखवण्यात आला, ज्यात पेटी, दिवा, रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचे झाड असे सगळे होते. तो घेतला नाही. झाडबेडकाला लांबीपेक्षा उंची अधिक लागते, कारण तो दिवसभर वर कुठेतरी चिकटून झोपतो आणि रात्री खाली उतरतो. शिवाय खडे भक्ष्याबरोबर पोटात जाण्याचा धोका असतो. ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच अशी, समोरून दार उघडणारी आणि वर जाळी असलेली काचेची पेटी घेतली. दार समोरून असणे महत्त्वाचे आहे. वरून हात आला की बेडकाला तो पक्ष्याच्या झडपेसारखा वाटतो.

जागेवर मात्र घरात बरीच चर्चा झाली, आणि मराठी घरात बेडूक ठेवू पाहणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. बेडूक त्वचेवाटे पाणी घेतो आणि श्वासाचा काही भागही त्वचेवाटेच घेतो. त्यामुळे हवेत जे तरंगते ते त्याच्या अंगात उतरू शकते. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली मिळून एकच मोठी खोली आहे. त्या खोलीत रोज फोडणीचा धूर उठतो, कोपऱ्यात देवघर असल्यामुळे उदबत्ती लागते आणि उन्हाळ्यात डासांची कॉइलही जळते. म्हणून सर्वांना दिसेल अशी ती जागा सोडून दिली. मुलीची खोली पश्चिमेची आहे. तिथे दुपारचे ऊन थेट काचेवर पडते आणि बंद काचेची पेटी उन्हात थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते. शेवटी मागच्या बाजूची, दक्षिणेकडे खिडकी असलेली अभ्यासाची खोली निवडली. इथे दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही, हे भारतातून आलेल्या माणसाला प्रत्येक वेळी नव्याने आठवावे लागते. खोलीच्या दारावर मुलीने पाटी लावली आहे: या खोलीत उदबत्ती, अत्तर, फवारा आणू नये.

७ एप्रिल

मागच्या काचेवर बुचाच्या झाडाच्या सालीचे तुकडे सिलिकोनने चिकटवले. सिलिकोन घेताना बुरशीरोधक औषध घातलेले नाही याची खात्री करून घेतली, कारण न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या बहुतेक सिलिकोनमध्ये ते असते आणि बेडकाला ते अपायकारक ठरते. सुकताना सिलिकोनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पुढचे काहीही करायचे नाही, असे ठरले आहे.

मंगळवारी पाडवा आहे. पेटी त्या दिवशी सुरू करावी अशी मुलीची इच्छा होती, पण वास अजून आहे. मुहूर्त पुढे ढकलला.

१४ एप्रिल

वास गेला. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा पाच सेंटिमीटरचा थर दिला, त्यावर बारीक जाळी आणि जाळीवर नारळाच्या भुशाचा थर. बुचाच्या सालीची एक पोकळ नळी उभी ठेवली, दोन जाड बांबू तिरपे बसवले, मनीप्लांटची एक वेल आणि एक लहानसे पक्षिघरटे नेचे लावले. फांद्यांची जाडी निदान बेडकाच्या अंगाइतकी असावी, हे लक्षात ठेवले. पाण्यासाठी उथळ, रुंद मातीची थाळी ठेवली आहे, ज्यात बेडूक बसला तर पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली राहील.

पाण्याबद्दल. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की त्यातील क्लोरिन उडून जाते, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते खरेही आहे. परंतु सिडनीच्या बऱ्याच भागांत पाण्यात क्लोरॅमाइन असते, आणि ते नुसते उघडे ठेवून जात नाही. माशांच्या दुकानात मिळणारे, क्लोरिन आणि क्लोरॅमाइन दोन्ही निष्प्रभ करणारे द्रावण आणले. बाटलीवर मात्रा दहा लिटरसाठी दिलेली होती. आम्ही ती एका लिटरच्या हिशेबाने काढून बाटलीवर चिकटवली आहे, म्हणजे घाईत चूक होणार नाही.

२८ एप्रिल

दोन आठवड्यांत दोन बिघाड झाले. बेडूक आत नसताना झाले याचे फार समाधान वाटते.

पहिला बिघाड उष्णतेचा. वरच्या जाळीवर सिरॅमिकचा उष्णता देणारा गोळा बसवला होता आणि तो थर्मोस्टॅटला जोडला होता. वर ३१ अंश, तळाशी १९ अंश आणि आर्द्रता ३४ टक्क्यांपर्यंत उतरलेली. नेच्याची टोके करपली. गरम हवा जाळीतून सरळ वर निघून जाते आणि जाताना ओल घेऊन जाते, हे तीन दिवसांच्या आकड्यांवरून स्पष्ट झाले. तो गोळा काढून टाकला आणि त्याऐवजी बाजूच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला बाहेरून उष्णतेची चटई लावली. चटई तळाखाली लावण्याची पद्धत बेडकासाठी बरोबर नाही: त्याला गारवा हवा असतो तेव्हा तो खाली ओलीकडे जातो, आणि तीच जागा तापलेली असेल तर त्याला जायला ठिकाण उरत नाही. त्यातही एका रात्री थर्मोस्टॅटचे संवेदक काचेवरून सुटून तळाला पडले. तळ गार, म्हणून चटई रात्रभर चालूच राहिली आणि सकाळी वरच्या भागात ३३ अंश दिसले. बेडूक आत असता तर तो खाली उतरून वाचला असता कदाचित, पण कदाचितच्या भरवशावर प्राणी पाळू नये. संवेदक आता चिकटपट्टीऐवजी चाप लावून बसवले आहे. चिकटपट्टी आत वापरायचीच नाही, कारण बेडकाची पातळ त्वचा तिला अडकून फाटू शकते.

दुसरा बिघाड ओलीचा. मुलगी उत्साहाने दिवसातून तीन वेळा फवारा मारीत होती. तळाच्या गोळ्यांमध्ये पाणी साचत साचत जाळीपर्यंत चढले, भुसा चिकट झाला आणि आज दार उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला. हवा न मिळालेल्या ओल्या थरात जिवाणू वाढले की असाच वास येतो. सगळे बाहेर काढून, धुऊन, वाळवून पुन्हा रचावे लागले. हा बेडूक ज्या भागात राहतो तिथे वर्षातले कित्येक महिने कोरडे असतात, तेव्हा त्याला सतत दमट घर लागत नाही. संध्याकाळी एकदा हलका फवारा, सकाळपर्यंत काचा कोरड्या, आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के, हे आता आमचे प्रमाण.

२५ मे

चार आठवडे पेटी रिकामी चालली. दिवसा वरच्या कोपऱ्यात २६ ते २७ अंश, तळाशी २२. रात्री सर्वत्र १८ ते २०. अतिनील किरणांचा सौम्य दिवा दिवसाचे बारा तास लागतो. काच हे किरण अडवते, म्हणून तो जाळीवरच ठेवला आहे आणि दोन ठिकाणी पानांची दाट सावली केली आहे, म्हणजे उजेड नको असेल तर बेडकाला आडोसा मिळेल. परवाना आला आहे. बेडूक तपासणाऱ्या पशुवैद्याचा पत्ताही मिळवून ठेवला. सगळेच पशुवैद्य उभयचर पाहत नाहीत आणि आजारी बेडूक हातात असताना शोधाशोध करायला वेळ नसतो.

सावंतवाडीहून आई आली आहे. रिकाम्या पेटीसमोर खुर्ची घेऊन बसली आणि तिने नातीला आमच्या जुन्या घराच्या न्हाणीतल्या बेडकाची गोष्ट सांगितली, जो पावसाळा लागला की हंड्यामागच्या भिंतीला चिकटून बसे आणि ज्याला घरात कोणीही हुसकत नसे. तो बहुधा आपल्याकडचा साधा झाडबेडूक असावा. आंबोलीच्या घाटात जूनमध्ये दिसणारा मलबारी उडता बेडूकही तिने पाहिलेला आहे; त्याची पाण्यावर झुकलेल्या पानांवरची फेसाची घरटी मला स्वतःला आठवतात. मुलीला वाटले की हे सारे एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतील. तसे नाही. आपल्याकडचे झाडबेडूक वेगळ्या कुळातले आणि ऑस्ट्रेलियातले वेगळ्या कुळातले आहेत. झाडावर राहण्याच्या गरजेतून दोघांच्याही बोटांना चिकटणाऱ्या चकत्या आल्या. आपले ते बेडूक फेसात अंडी घालतात, तर इथला हिरवा बेडूक थेट साचलेल्या पाण्यात घालतो.

८ जून

पेटीतली सजावट आज आम्हीच बाहेर काढली. संस्थेच्या वतीने बेडूक सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितले की बाहेरून आलेला प्राणी आपल्याकडेही पहिले साठ दिवस साध्या पेटीत ठेवावा: तळाला ओला टिपकागद, एक नळी, एक थाळी, धुता येईल असे एक प्लॅस्टिकचे झाड. त्यामुळे विष्ठा दिसते, त्याने किती खाल्ले ते कळते आणि काही रोग निघालाच तर झाडे-माती टाकून द्यावी लागत नाहीत. मुलगी हिरमुसली. दोन महिने खपून केलेली बाग बाहेर निघताना पाहणे मलाही जड गेले. झाडे खिडकीत ठेवली आहेत.

१५ जून

बेडूक आला.

त्या बाईंच्या घरी गेलो. तो फळांच्या घाऊक बाजारात केळीच्या खोक्यात सापडला होता आणि बरेच आठवडे त्यांच्याकडे वेगळा राहिला होता. ओल्या टिपकागदाच्या घड्या घातलेल्या, भोके पाडलेल्या डब्यातून त्याला आणले. गाडीतला हीटर बंद ठेवला आणि डबा मुलीने मांडीवर धरला. घरी स्वयंपाकाच्या काट्यावर डब्यासह वजन करून डब्याचे वजन वजा केले: ३८ ग्रॅम. लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर. पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना पाच-पाच बोटे असायला हवीत. याच्या पुढच्या उजव्या पायाच्या एका बोटाचे टोक नाही. जखम जुनी आणि भरलेली आहे. लिंगाच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले, कारण नराच्या गळ्याची कातडी सैल आणि राखाडी असते व मादीची पांढरी, पण याची आम्हाला नीट ठरवता आली नाही. मुलीने त्याचे नाव केळ्या ठेवले.

हाताळणीचा नियम आईसह सर्वांना सांगितला आहे. शक्यतो हात लावायचाच नाही. लावावाच लागला तर आधी हात साबणाचा अंशही न राहील असे स्वच्छ धुऊन, प्रक्रिया केलेल्या पाण्याने ओले करून लावायचा, आणि नंतर साबणाने पुन्हा धुवायचे. पहिले धुणे बेडकासाठी, कारण आपल्या हातावरचे मलम, सनस्क्रीन, मीठ त्याच्या त्वचेतून आत जाते. दुसरे आपल्यासाठी, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

२४ जून

नऊ दिवस झाले, केळ्याने काही खाल्लेले नाही. दिवसा नळीत, रात्री काचेवर. वजन ३६ ग्रॅम. रातकिडे आणि वुडी, म्हणजे इथे खाद्य म्हणून मिळणारी ठिपकेदार झुरळे, दोन्ही देऊन पाहिली. मुलगी रात्री दहा-दहा वेळा विजेरी घेऊन पाहून येते. आज मी तिला थांबवले आणि पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला. पूर्ण वाढलेला बेडूक नव्या जागी दोन आठवडे उपाशी राहिला तरी घाबरायचे कारण नाही, असे त्या बाई म्हणाल्या. मला ते पटते, पण झोप लागत नाही.

२६ जून

रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी त्याने एक वुडी खाल्ली. आम्ही तिघी अंधारात दाराशी उभ्या होतो. आधी त्याने मान किंचित वळवली, मागच्या पायाचे एक बोट थरथरले आणि मग एकाच झेपेत तो खाली आला. गिळताना त्याचे दोन्ही डोळे आत ओढले गेले. हे नुसते डोळे मिटणे नव्हे. बेडूक डोळ्यांचे गोळे खाली दाबून भक्ष्य घशाकडे ढकलतो. मुलीने ते वाचलेले होते, तरी तिने माझा हात घट्ट धरला. आई एवढेच म्हणाली, “जेवला बाई एकदाचा.”

२० जुलै

आठवड्यातून तीन वेळा, अंधार पडल्यावर, चार ते पाच किडे. किड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि हिरवा पाला खाऊ घालतो आणि देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडले की बेडकाची हाडे मऊ होतात आणि वाकतात. बागेतले किडे देत नाही, कारण शेजारी कुठली फवारणी झाली आहे ते आपल्याला कळत नाही. मागितले म्हणून जास्तही देत नाही. हा बेडूक समोर हलेल ते खातो आणि पाळलेल्या बेडकांत लठ्ठपणा फार दिसतो. कानाच्या पडद्यावर चरबीची घडी लोंबू लागली की जेवण आटोक्यात आणायचे. आजचे वजन ४१ ग्रॅम.

परवा पहाटे बाहेर पाच अंश होते आणि वीज चार तास गेली. पेटीभोवती दोन रजया गुंडाळल्या, वरची जाळी थोडी उघडी ठेवली. आतले तापमान १६ अंशांवर आले आणि तिथेच थांबले. केळ्या नळीत झोपून राहिला.

४ ऑगस्ट

विष्ठेच्या तपासणीत जंत आढळले. पशुवैद्यांनी औषध दिले, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. टिपकागदावर ठेवल्यामुळेच नमुना स्वच्छ मिळाला.

२५ ऑगस्ट

तपासणी निर्दोष आली. साठ दिवस उलटून गेले आहेत. झाडे परत आत गेली. पेटी ब्लीचच्या पातळ द्रावणाने धुऊन, अनेकदा खंगाळून, दोन दिवस उघडी वाळवली होती. केळ्याला दारातून आत सोडल्यावर तो बराच वेळ बांबूवर बसला आणि मग मनीप्लांटच्या पानामागे गेला. रात्री त्याने कात टाकली: अंग फुगवून, जांभया दिल्यासारखे तोंड उघडून तो सुटलेली कातडी तोंडाने ओढत होता आणि खात होता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आजारी वाटावा असेच हे दृश्य असते.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. अभ्यासाच्या खोलीच्या दाराच्या फटीत ओला पंचा लावून ठेवला. आरतीनंतर तासभर घराच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. धूप आणि कापूर यंदा अंगणात लावले. आईनेच ते सुचवले. पाहुण्यांच्या मुलांना केळ्या दाराबाहेरून, दोघादोघांना, हात न लावता दाखवला.

१३ ऑक्टोबर

वसंत सुरू झाला आहे. काल पाऊस पडताना मुलीने विचारले की केळ्याला आपल्या बागेत सोडता येणार नाही का, कारण हा बेडूक पूर्वी सिडनीतही राहत होता असे तिने वाचले आहे. ते खरे आहे; शहराच्या बहुतेक भागांतून तो आज नाहीसा झाला आहे. तिचा प्रश्न योग्य होता आणि मी तिला पूर्ण उत्तर दिले.

कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या त्वचेत वाढते. त्वचेतून होणारी क्षारांची देवघेव ती बिघडवते आणि शेवटी बेडकाचे हृदय थांबते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती ओळखली गेली आणि जगभरच्या उभयचरांच्या अनेक जाती तिने संपवल्या किंवा संपवत आणल्या आहेत. २०२१ च्या हिवाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियात बेडूक मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा लोकांनी ऑस्ट्रेलियन म्युझियमला कळवलेल्या मृत बेडकांत याच हिरव्या झाडबेडकाची नोंद सर्वांत जास्त होती. बाजारात, खोक्यात, इतर प्राण्यांच्या सहवासात राहिलेला बेडूक दिसायला निरोगी असला तरी काय घेऊन फिरतो हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला इथे सोडणे हे इथल्या बेडकांवर संकट सोडणे ठरेल, आणि क्वीन्सलँडला परत नेऊन सोडले तर तिथल्यांवर. तो कोणत्या बागेतून आला, हेही कोणाला माहीत नाही. म्हणून पेटीतले वापरलेले पाणीसुद्धा आम्ही बागेत टाकत नाही. त्यात ब्लीच मिसळून ते सिंकमधून सोडतो.

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिने म्युझियमचे फ्रॉगआयडी हे ॲप माझ्या फोनवर घेतले, ज्यात बेडकांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला की तज्ज्ञ जात ओळखून कळवतात, आणि आम्ही दोघी रात्री टूनगॅबी क्रीकच्या काठी जाऊन आलो. तीन ध्वनिमुद्रणे पाठवली आहेत.

१० नोव्हेंबर

आज दुपारी उकाडा होता आणि पश्चिमेला ढग भरून आले होते. मी मागच्या खोलीबाहेर व्हॅक्यूम क्लीनर चालवत असताना आतून खोल, भरडा, ठोक्यासारखा आवाज सुरू झाला: क्रॉक, क्रॉक, क्रॉक. आधी मला वाटले यंत्रात काही अडकले. यंत्र बंद केले तरी आवाज चालू राहिला. केळ्या बुचाच्या नळीच्या तोंडाशी बसला होता, गळा फुगवलेला आणि पोकळ नळीमुळे आवाज दुप्पट झालेला. मुलगी घरी येईपर्यंत तो गप्प झाला होता, म्हणून तिच्यासाठी व्हॅक्यूम पुन्हा लावला. त्याने पुन्हा उत्तर दिले.

सावंतवाडीला फोन लावला आणि आईला तो आवाज ऐकवला. तिकडे दिवाळीनंतरची सकाळ होती. तिने दोनदा ऐकला आणि आपल्या न्हाणीतल्याचा आवाज याहून बारीक होता असे सांगितले.

असा आवाज नरच काढतो. वजन ४६ ग्रॅम. तापमान वर २७, खाली २३. आर्द्रता ५८ टक्के. मुलीने नोंदवही काढली, लिंगाच्या रकान्यातील ‘अज्ञात’ हा शब्द एका रेघेने खोडला, शेजारी ‘नर’ असे लिहिले आणि खाली आजची तारीख घातली.